स्वमग्न मुलाशी सूर जुळवताना

काही शब्द आपला निवाडा आपल्याबरोबरच घेऊन येतात. ‘स्वमग्न’ हा तशांपैकीच एक शब्द होय. ‘ऑटिझम’ या संज्ञेच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ती संज्ञा मनोरुग्णांच्या एका लक्षणासाठी योजिली. पुढे ती बालकांच्या वाट्याला आली, आणि मराठीने तिला ‘स्वमग्नता’ असे रूप दिले. शब्द मोठा गोड आहे. ध्यानमग्न, विचारमग्न अशा शब्दांच्या पंगतीत तो सहज बसतो. परंतु ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा ठसा उमटतो तो असा, की हे मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला कोणाचीही गरज नाही, आणि म्हणून त्याच्याशी नाते जोडण्याची खटपट मुळातच व्यर्थ आहे. ज्यांनी अशा मुलांसमवेत वर्षानुवर्षे काम केले आहे, त्यांचा अनुभव मात्र याहून निराळा आहे. मूल नाते नाकारीत नसते, असे ते सांगतात. नाते जोडण्याची जी एकच रीत भोवतालच्या माणसांना ठाऊक असते, ती रीत त्याला मानवत नसते, इतकेच.

स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतच असलेले ते एक वेगळेपण आहे, आणि ते जन्मभर राहते. कोणी मूल मुळीच बोलत नाही, तर कोणी रेल्वेचे वेळापत्रक अखंड म्हणून दाखविते. कोणाला स्पर्श सोसत नाही, तर कोणी अंगावर गोधड्यांचा भार मागते. ठरलेल्या क्रमात थोडासा बदल झाला तरी कित्येकांचा जीव कासावीस होतो. अशा मुलांच्या साहाय्यास आज वाचोपचार करणारे, व्यवसायोपचार करणारे आणि विशेष शिक्षण देणारे तज्ज्ञ असतात. या सर्वांस येथे सोयीसाठी ‘उपचारक’ म्हणू. उपचारकाने प्रथम मुलाशी जवळीक साधावी, हे तर प्रत्येकजण मान्य करतो. तथापि या जवळिकीकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी कशी असते? कडू औषधापूर्वी मुलाच्या जिभेवर मधाचे बोट फिरवावे, तशी. चार दिवस खेळावे, खाऊ द्यावा, मूल रुळले की खऱ्या कामास लागावे! ही दृष्टीच मुळात चुकीची आहे. स्वमग्न मुलाच्या बाबतीत सूर जुळणे ही उपचाराची पूर्वतयारी नव्हे. तोच उपचाराचा गाभा होय.

या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे. रशियातील बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२० नंतरच्या दशकातच अशा मुलांची वर्णने लिहून ठेविली होती. परंतु जगाचे लक्ष गेले ते १९४३ साली. त्या वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. त्या अकरांपैकी पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. १९३८ साली, पाच वर्षांचा असताना, त्याला कॅनर यांच्याकडे आणण्यात आले. माणसांपेक्षा वस्तूंत, शब्दांपेक्षा आकड्यांत तो अधिक रमे. पुढे १९४२ साली त्याच्या आईवडिलांनी त्याला घरापासून सुमारे दहा मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेविले. १९४५ साली कॅनर त्याला भेटावयास त्या शेतावर गेले. तेथे त्यांनी जे पाहिले, ते आजच्या कोणाही उपचारकाने मनात जपून ठेवावे असे आहे.

डोनाल्डला मोजण्याचे वेड होते. त्या दांपत्याने ते वेड मोडून काढण्याचा यत्न केला नाही. त्यांनी त्याच्याकडून विहीर खणवून घेतली आणि तिची खोली किती झाली ते सांगावयास लावले. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजीत राही. तेव्हा त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोज म्हणून सांगितले. मेलेले पक्षी व किडे गोळा करण्याची त्याची खोड होती. त्यांनी त्याला शेताचा एक कोपरा दफनभूमीसाठी देऊन टाकला आणि तेथे खुणा उभारू दिल्या. कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्या मुलाने सहा लांबच लांब ओळी नांगरल्या, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाशी घोडा मोठ्या सफाईने वळविला. हे पतिपत्नी उपचारक नव्हते, शेतकरी होते. परंतु त्यांनी जे केले त्यात सूर जुळविण्याचे सारे मर्म आले. मुलाचे मन जेथे गुंतले आहे, तेथे ते स्वतः गेले. आणि तेथूनच त्यांनी जगाकडे जाणारी पायवाट पाडली. पुढे डोनाल्डने गावच्या बँकेत नोकरी केली, तो गोल्फ खेळे, त्याने पुष्कळ प्रवास केला, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी तो निवर्तला. या साऱ्याचे श्रेय त्या एका शेताला देणे अतिशयोक्तीचे होईल. त्याच्या घरची सुस्थिती आणि गावाने दाखविलेला समजूतदारपणा यांचाही त्यात वाटा होता. पण त्या नांगरटीत एक दिशा दिसली होती, हे निश्चित.

दुर्दैवाने नंतरच्या काळात ही दिशा सुटली. प्रथम दोष आला तो आईवर. मुलाला मायेची ऊब मिळाली नाही म्हणून ते मिटले, असा तर्क निघाला. कॅनर यांच्या लेखनातही त्याला आधार देणारी वाक्ये होती. आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या आपल्या पुस्तकातून त्याचा मोठा प्रसार केला. अगोदरच खचलेल्या किती मातांनी हा आरोप निमूटपणे पदरात घेतला असेल, याची गणती नाही. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच हा तर्क पुराव्यानिशी खोडून काढला होता. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईवडिलांस जाहीरपणे दोषमुक्त केले. तरीसुद्धा, ‘आईने वेळ दिला नाही म्हणून असे झाले’ हे वाक्य आजही आपल्या नात्यागोत्यात, लग्नसमारंभात, शेजारच्या ओट्यावर ऐकू येते. ते खोटे आहे, हे एकदा स्वच्छ सांगितले पाहिजे. कारण जो उपचारक मनातून आईला दोषी मानतो, त्याचा मुलाशी सूर जुळणे कठीणच.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची होती. आईचा दोष नाही, मुलाला शिकविता येते, हे लॉस एंजेलिस येथील ओले इव्हार लोव्हास यांनी ठासून मांडले, हे त्यांचे श्रेय होय. वागणुकीचे छोटे छोटे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यास बक्षीस देऊन शिकविण्याची त्यांची पद्धत जगभर पसरली. परंतु आरंभीच्या काळात त्या पद्धतीत बक्षिसाबरोबर शिक्षाही होती. ओरडणे होते, चापटी होती. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर लहान मुलांस विजेचे झटकेही देण्यात आले. आज बहुतेक ठिकाणी ते सारे मागे पडले आहे. मागे राहिला तो एक प्रश्न, आणि तो प्रत्येक उपचारकाने स्वतःस विचारावयास हवा: मूल ऐकते म्हणजे ते विश्वास ठेवते काय?

आज्ञापालन आणि विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘माझ्याकडे बघ’ असे वीस वेळा सांगून, हनुवटी धरून, खाऊचे आमिष दाखवून मुलाला डोळ्याला डोळा भिडविण्यास लावता येते. पण वयाने मोठ्या झालेल्या कित्येक स्वमग्न व्यक्तींनी लिहून ठेविले आहे, की समोरच्याच्या डोळ्यांत पाहताना त्यांना त्याचे बोलणे समजेनासे होते. पाहणे आणि ऐकणे ही दोन कामे एकाच वेळी होत नाहीत. तेव्हा नजर खिडकीकडे लावून बसलेले मूल कदाचित लक्षपूर्वक ऐकत असते, आणि आज्ञेनुसार डोळ्यांत पाहणारे मूल केवळ ती वेळ कशीबशी निभावून नेत असते. येथे एक धोकाही आहे. कोणीही मोठ्या माणसाने सांगितले की मान तुकवावयाची, अंगाला हात लावला तरी गप्प राहावयाचे, एवढेच ज्या मुलाला शिकविले गेले, ते मूल उद्या दुष्ट माणसासमोरही तसेच गप्प राहील. जे मूल बोलून तक्रार करू शकत नाही, त्याच्यापाशी ‘नाही’ म्हणण्याचे बळ असणे हे त्याचे पहिले संरक्षण होय.

मग चांगला उपचारक करतो तरी काय? पुष्कळदा आरंभी तो काहीच करीत नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. समजा, पाच वर्षांचा एक मुलगा प्रथमच उपचारकेंद्रात आला आहे. नवी जागा, फरशीला फिनाइलचा वास, डोक्यावर खडखडणारा पंखा, थरथरणारी नळीदिव्याची उजेडरेषा. इतरांना यांतले काहीच जाणवत नाही. त्याला सारे एकदम जाणवते. अशा वेळी समोरून एक अनोळखी बाई हसत येते, गालगुच्चा घेते आणि विचारते, ‘बाळा, तुझं नाव काय?’ तो किंचाळतो. बाहेर बाकावर बसलेली आई शरमून जाते. जाणती उपचारिका असे करणार नाही. ती आदल्या आठवड्यातच आईकडून विचारून घेईल, की मुलाला कशाचा आवाज सोसत नाही, कशाने तो शांत होतो, कोणत्या वस्तूवर त्याचा जीव आहे. ती पंखा मंद करील, हातातील किणकिणणाऱ्या काचेच्या बांगड्या उतरवून ठेवील. ती खुर्चीवर न बसता जमिनीवर बसेल, तीही समोर नव्हे, जरा बाजूला. तो झाकणे गरगर फिरवीत असेल, तर तीही एक झाकण घेऊन फिरवू लागेल. काही न विचारता, काही न शिकविता.

हे वरकरणी पोरखेळासारखे दिसणारे कृत्य शास्त्राच्या कसोटीस उतरलेले आहे. १९८४ साली जेराल्डिन डॉसन आणि ॲडम्स या संशोधकांनी दाखवून दिले, की मोठ्या माणसाने स्वमग्न मुलाची नक्कल केली असता ते मूल त्या माणसाकडे अधिक पाहू लागते आणि अधिक प्रतिसाद देऊ लागते. फ्रान्समधील जॅकलीन नाडेल यांचा, २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर याहून बोलका आहे. न बोलणाऱ्या मुलांच्या खोलीत एक अनोळखी व्यक्ती पुतळ्यासारखी निश्चल बसली. मुलांनी तिची दखल जवळजवळ घेतलीच नाही. मग तीच व्यक्ती काही वेळ मुलाच्या प्रत्येक कृतीची नक्कल करू लागली. त्यानंतर ती पुन्हा पुतळ्यासारखी बसली. परंतु आता मुले तिच्या जवळ जाऊ लागली, तिला हात लावू लागली, तिच्या तोंडाकडे पाहू लागली. जणू ती विचारीत होती, ‘तू थांबलीस का?’ ज्याला कोणाची गरज नाही, ते मूल असा प्रश्न विचारील काय? इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात हार्परबरी रुग्णालयाशी जोडलेल्या शाळेत १९८० नंतरच्या दशकात मेलनी निंड व डेव्ह ह्यूइट यांनी याच तत्त्वावर एक सबंध कार्यपद्धती उभी केली. आई तान्ह्या बाळाच्या हुंकाराला हुंकार देते आणि मग थांबते. तशी ती पद्धत आहे. त्यात थांबण्याला बोलण्याइतकेच महत्त्व आहे. मुलाला उत्तर देण्यास अवधी लागतो, आणि मोठी माणसे तो अवधी स्वतःच्या शब्दांनी भरून टाकतात. सूर जुळविणाऱ्याला मौनाची भीती वाटता कामा नये.

दुसरी गोष्ट भाषेची. पुष्कळ स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात. आईने विचारले, ‘पाणी हवं का?’ की मूलही म्हणते, ‘पाणी हवं का?’ पूर्वी याला निरर्थक पोपटपंची समजत आणि ती बंद पाडीत. १९८१ साली बॅरी प्रिझंट व जूडिथ डुकन यांनी अशा शेकडो उद्गारांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांमागे सात निरनिराळे हेतू असल्याचे दाखविले. कधी तो होकार असतो, कधी मागणी असते, कधी आपली पाळी साधण्याची खटपट असते, तर कधी मनातल्या मनात अर्थ जुळविण्याचा प्रयत्न असतो. मुंबईच्या लोकलमधून रोज येणारा एखादा मुलगा खोलीत शिरताच ‘पुढील स्टेशन दादर’ असे पुनःपुन्हा म्हणू लागला, तर त्याचा अर्थ ‘मला घरी जायचे आहे’ असा असू शकेल, किंवा ‘मी घाबरलो आहे’ असाही असू शकेल. ‘गप्प बस’ म्हणणाऱ्या उपचारकाला तो अर्थ कधीच कळणार नाही. जो म्हणेल, ‘हो, दादर येईल, मग आई येईल, मग घर,’ त्याला मुलाच्या भाषेचा पहिला धडा मिळाला. परदेशात गेलेला माणूस तेथील लोक काय म्हणतात ते कान देऊन ऐकतो. उपचारकानेही मुलाच्या मुलखात तसेच नम्रपणे शिरावयाचे असते.

तिसरी गोष्ट भरवशाची. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे, याचाच या मुलांना सर्वांत अधिक त्रास होतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉपलर यांनी १९७२ पासून जी योजना राबविली, तिचा एक पाया हाच होता. आधी काय, नंतर काय, काम कोठे संपणार, हे मुलाला चित्रांच्या क्रमाने डोळ्यांसमोर मांडून दाखवावे. दुसरा पाया असा, की आईवडील हे रोगाचे कारण नसून उपचारकाचे सहकारी होत. ज्या काळात मातेवर आरोप होत होते, त्या काळात हे म्हणणे धाडसाचेच होते. हात धरण्यापूर्वी ‘हात धरू का?’ असे विचारणारा, पाच मिनिटे म्हटल्यावर पाचच मिनिटे घेणारा, आणि मुलाने वस्तू दूर सारली तर त्यातला नकार मानणारा उपचारक मुलाला कळू लागतो. उलट ‘एवढे केलेस की सुटलास’ असे म्हणून आणखी तीन कामे पुढे ठेवणारा माणूस त्याच्या लेखी एकदाचा खोटा ठरतो; मग कितीही खाऊ दिला तरी ते नुकसान भरून येत नाही. याचा अर्थ मुलाला काही शिकवूच नये, असा नव्हे. दात घासणे, रस्ता ओलांडणे, दुखते आहे हे सांगता येणे, या गोष्टी आल्याच पाहिजेत. परंतु त्या शिकण्याचे कष्ट मूल ज्याच्यासाठी सोसते, तो माणूस आधी त्याचा झालेला असावा लागतो.

अलीकडच्या विचाराने या साऱ्याला आणखी एक बैठक दिली आहे. स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले, की स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही असे म्हणणे हे अर्धेच सत्य आहे. इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन तितकेच कळत नसते. दरी आहे खरी, पण ती दोन्ही तीरांवरून दिसते. एडिंबरो येथील कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्णोपकर्णी गोष्ट सांगण्याचा एक प्रयोग प्रौढांवर केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध केला. आठ आठ जणांच्या साखळीतून गोष्ट पुढे गेली, तेव्हा केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीतही ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत मात्र तिची गळती अधिक झाली. पुढील अधिक मोठ्या प्रयोगात ही गळती आढळली नाही. पण स्वमग्न व्यक्ती आपसांत उत्तम रीतीने सांगू-समजू शकतात, हा निष्कर्ष तेथेही टिकला. तेव्हा संवाद तुटला तर तो केवळ मुलानेच तोडला, असे मानण्याचा अधिकार उपचारकाला उरत नाही.

श्रोतेहो, हे सारे दूरदेशीचे आणि श्रीमंत रुग्णालयांतले आहे, असे कोणास वाटेल. म्हणून गोव्यात झालेल्या एका प्रयत्नाची हकीकत सांगणे अगत्याचे आहे. इंग्लंडमध्ये जोनाथन ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५२ लहान मुलांच्या बाबतीत एक पद्धत अजमावून पाहिली होती आणि २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. आईवडील मुलाशी खेळत असताना त्यांचे चित्रीकरण करावयाचे, आणि मग उपचारकाने ते त्यांच्यासमवेत बसून पाहावयाचे; चुका दाखविण्यासाठी नव्हे, तर जेथे सूर जुळला ते क्षण वेचून दाखविण्यासाठी. हीच पद्धत पुढे गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत, मिळून ६५ मुलांच्या बाबतीत अजमावण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. येथे मार्गदर्शन करणारे कोणी मोठे तज्ज्ञ नव्हते. या कामापुरते शिक्षण घेतलेले साधे आरोग्यसेवक होते. बारा भेटींच्या या क्रमानंतर आईवडील मुलाच्या कलाने अधिक वागू लागले. आणि मुले आपण होऊन त्यांच्याशी संवादाचा आरंभ अधिक वेळा करू लागली. एक गोष्ट अपेक्षेच्या उलटही घडली. दोघांनी मिळून एकाच वस्तूवर लक्ष ठेवण्याचा वेळ वाढण्याऐवजी घटला. संशोधकांनी तेही लपविले नाही. कोणतीही पद्धत सर्वगुणसंपन्न नसते. तथापि एवढे स्पष्ट झाले, की सूर जुळविण्याची कला पदव्यांत बंदिस्त नाही, आणि तिचे खरे ठिकाण केंद्रातील खोली नसून घर आहे. आठवड्यातून दोन तास भेटणाऱ्या उपचारकाने मुलाशी जुळलेले सूर स्वतःपाशी राखून ठेवावयाचे नसतात. ते आईच्या, वडिलांच्या, आजीच्या हाती सोपवावयाचे असतात.

येथेच मराठी कुटुंबांचा एक खास प्रश्न येतो. नोकरीधंद्यानिमित्त बंगळूर, हैदराबाद, दिल्ली येथे गेलेल्या, किंवा इंदूर-बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरांत मराठी बोलली जाते. उपचारकेंद्रात मात्र हिंदी, इंग्रजी वा तेथील भाषा चालते. ‘मुलाचा गोंधळ होईल, घरीही एकच भाषा बोला,’ असा सल्ला अशा आईबापांना पुष्कळदा मिळतो. मग आई तोडक्यामोडक्या इंग्रजीत आज्ञा देऊ लागते, आणि आजी तर बोलणेच सोडून देते. या सल्ल्याला आधार नाही. हँबली व फोंबोन यांनी कॅनडात केलेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दोन भाषांत वाढल्याने स्वमग्न मुलांचा भाषाविकास मागे पडत नाही. उलट ज्या भाषेत आजी अंगाई म्हणते, जीत आईचा राग आणि लाड दोन्ही उमटतात, ती भाषा काढून घेतली तर मुलाच्या वाट्याला केवळ आज्ञांची भाषा उरते. उपचारक अन्य भाषिक असला तरी त्याने ‘ये’, ‘बस’, ‘पुरे’, ‘पुन्हा’ हे चार मराठी शब्द मुलाच्या आईकडून शिकून घ्यावेत. चारच शब्द, पण मुलाच्या लेखी तो त्या घरचा ‘दादा’ किंवा ‘ताई’ होऊन जातो.

आपल्या देशात या कामाचा पाया पालकांनीच घातला, हेही स्मरणात ठेविले पाहिजे. मेरी बरुआ या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई; त्यांनी १९९१ साली दिल्लीस ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली. मुंबईत डॉक्टर विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र उभारले. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली, आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला एकवीस प्रकारच्या विकलांगतांत स्थान दिले. कायदा झाला, केंद्रेही निघाली. परंतु मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्या कुटुंबास आजही बस वा रेल्वे बदलत जावे लागते, आणि घाईगर्दीच्या केंद्रात दर काही महिन्यांनी उपचारक बदलतो. मोठ्यांच्या दृष्टीने ती नोकरीतील एक बदली असते. मुलाच्या दृष्टीने ज्याची सवय व्हावयास सहा महिने लागले ते माणूस एके दिवशी नाहीसे झालेले असते. निरोप कसा घ्यावा हाही सूर जुळविण्याचाच भाग आहे. नव्या उपचारकाने जुन्याच्या शेजारी चार दिवस बसावे, मुलाला चित्र दाखवून सांगावे की आता या ताई जाणार आणि त्या ताई येणार. यास पैसा लागत नाही. मुलाला निरोपाची गरज असते, हे मान्य करावे लागते, इतकेच.

आईवडील उपचारकाला नेहमी विचारतात, ‘आज किती केले त्याने?’ प्रश्न स्वाभाविक आहे. फी भरलेली असते, वर्षे सरत असतात, शेजारच्या मुलाची प्रगती डोळ्यांसमोर असते. उपचारकही मग वहीत आकडे भरतो: दहापैकी सात सूचना पाळल्या, दहापैकी आठ. आकडे खोटे नसतात, पण ते एकच बाजू सांगतात. त्या वहीत आणखी एक रकाना असावा. आज मूल आपण होऊन कितीदा आले? हात धरून फडताळाकडे नेले काय? अडकलेले झाकण उघडून द्यावयास पुढे केले काय? नको असलेली गोष्ट किंचाळण्याऐवजी हाताने बाजूला सारून दाखविली काय? पहिल्या महिन्यात तो रकाना बहुधा कोराच राहील. पण ज्या दिवशी त्यात पहिली खूण पडेल, त्या दिवशी ती कोणाच्या आज्ञेने पडलेली नसेल. ती खूण मुलाने स्वतः होऊन केलेली असेल. घरी जाताना आईला आधी ती दाखवावी, आणि आकडे मागाहून सांगावेत.